फोनमधला अ‍ॅम्प : रियाजासाठी अ‍ॅप कसं निवडावं?

“इलेक्ट्रिक गिटार तर घेतली. आता अ‍ॅम्पही घ्यायलाच हवा का, की फोनवरच्या अ‍ॅपवर भागेल? आणि भागणार असेल, तर कोणतं अ‍ॅप?” हा प्रश्न वाद्यांच्या दुकानात काउंटरपाशी, क्लासच्या दारात आणि सोसायटीच्या जिन्यात विचारला जातो. जिन्यात तो शेजारी विचारतात, एवढाच फरक.

शेजाऱ्यांच्या बाजूने कायदाही आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. ऑफिसातून येऊन, जेवण आटपून गिटार मांडीवर घेईपर्यंत नेमके दहा वाजलेले असतात. आणि १५ वॅटचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प खऱ्या रंगात यायचा, तर तो इतका जोरात लावावा लागतो की खालच्या मजल्यावरची झोप उडते. त्यामुळे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : अ‍ॅप पुरतं, आणि रियाजाला तर चांगलंच पुरतं.

फसगत होते ती दुसऱ्या प्रश्नात. अ‍ॅपच्या जाहिरातीत इतके अ‍ॅम्प, तितकी पेडल, अमक्या गिटारवादकाचा हुबेहूब टोन अशी यादी असते आणि आपण यादीची लांबी मोजून निवड करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. रियाज सुखाचा होणार की नाही, हे त्या यादीवर फारसं अवलंबून नसतं. गिटार फोनला कशाने जोडली आणि छेडलेला स्वर किती उशिराने कानात आला, यावर ते ठरतं. असं का, हे समजायला तारेपासून सुरुवात करावी लागेल.

१. तारेतून काय निघतं?

इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पशिवाय वाजवली तर जेमतेम आपल्यालाच ऐकू येते. तिचं लाकूड बहुधा भरीव असतं. आवाज घुमवणारी पोकळी नसते. तिचा आवाज ‘उचलतो’ तो तारांखालचा पिकअप. पिकअप म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये तेवढ्याच वेगाने मागेपुढे होणारी वीज तयार होते. पाचवी तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला ११० वेळा थरथरते, आणि केबलमध्येही ११० हर्ट्झची वीज उतरते.

या विजेबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, ती फार अशक्त असते. पुढच्या यंत्राने तिच्याकडून जरा जास्त प्रवाह ओढला की ती दबते आणि आधी तिचे वरचे, चमकदार सूर जातात. म्हणून गिटारच्या अ‍ॅम्पचं तोंड मुद्दाम असं बनवतात की ते जवळजवळ काहीच ओढत नाही. दहा लाख ओहम हा त्याचा रूढ आकडा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ते हजारो वेढे अँटेनाचंही काम करतात. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. तिची घरघर, ट्यूबलाइटची चरचर, पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची कुरकुर, सगळं ते गोळा करतात. या त्रासावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तोड काढली. दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट जोडायच्या आणि त्यांची चुंबकीय टोकंही उलट ठेवायची, म्हणजे तारेचा सूर जमा होतो आणि घरघर वजा होते. तोच आजचा हंबकर. तुमच्या गिटारला एकेरी गुंडाळीचे पिकअप असतील, तर घरघर थोडी राहणारच. तिचा दोष अ‍ॅपला देऊ नका.

२. अ‍ॅम्प आवाज बिघडवतो, आणि तोच आपल्याला आवडतो

अ‍ॅम्पचं काम लहान आवाज मोठा करणं, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. व्हॉल्व्हला किंवा ट्रान्झिस्टरला एका मर्यादेपर्यंतच लाट मोठी करता येते. त्यापुढे लाटेचा माथा छाटला जातो. छाटलेल्या लाटेत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे स्वर मिसळतात. याला डिस्टॉर्शन म्हणतात. व्हॉल्व्ह ही छाटणी हळूहळू, गोलाई ठेवून करतो, म्हणून त्याचा आवाज कानाला भरीव वाटतो.

सुरुवातीला हा दोष मानला जाई. मग तोच हवासा झाला. १९६४ मध्ये द किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागदी कोन ब्लेडने फाडला, आणि त्या फाटक्या आवाजातलं ‘यू रिअली गॉट मी’ जगभर गाजलं. त्याच्या थोडं आधी, लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी फेंडर कंपनीचा ‘बेसमन’ हा अमेरिकन अ‍ॅम्प समोर ठेवून आपला अ‍ॅम्प बनवून घेतला. मार्शलचा डंका तिथून सुरू झाला. आपल्याकडे १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मध्ये भूपिंदर सिंग यांची इलेक्ट्रिक गिटार घराघरात पोचली. आज अ‍ॅपच्या यादीत ‘ब्रिटिश’, ‘अमेरिकन’, ‘ट्वीड’ अशी आडवळणाची नावं दिसतात, ती मार्शल आणि फेंडरसारख्या याच जुन्या अ‍ॅम्पची असतात. मूळ नाव वापरायला कंपनीची परवानगी लागते, म्हणून हा आडपडदा.

डिस्टॉर्शनचं एक छोटं गणित करून बघू, कारण पुढे अ‍ॅप पारखायला ते उपयोगी पडेल. दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या कंपनांच्या फरकाएवढा तिसराच स्वर जन्मतो. मोकळ्या पाचव्या तारेचे ११० आणि तिच्या पंचमाचे १६५ हर्ट्झ घ्या. फरक ५५. म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला तोच स्वर. म्हणून षड्ज-पंचमाची जोडी, जिला गिटारवाले पॉवर कॉर्ड म्हणतात, डिस्टॉर्शनवर इतकी दणदणीत वाजते. आता पंचमाऐवजी शुद्ध गंधार घ्या, साधारण १३८.६ हर्ट्झ. फरक २८.६, ज्याचं या दोघांशी धड नातं नाही. जोरदार डिस्टॉर्शनवर पूर्ण मेजर कॉर्ड गढूळ होते ती यामुळे. अ‍ॅपवर पहिल्याच दिवशी कॉर्ड चिखलासारखी वाजली, तर अ‍ॅप बिघडलेलं नाही. गेन, म्हणजे छाटणी वाढवणारं बटण, कमी करा.

३. खोक्याचा वाटा

अ‍ॅम्पच्या शेवटी स्पीकर आणि त्याचं लाकडी खोकं, म्हणजे कॅबिनेट असतं. गिटारचा बारा इंची स्पीकर घरच्या म्युझिक सिस्टिमसारखा सगळे सूर प्रामाणिकपणे वाजवत नाही. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं तो झपाट्याने सोडून देतो. छाटलेल्या लाटेतले कर्कश सूर नेमके तिथेच असतात, त्यामुळे हा आळशीपणा आपल्या पथ्यावर पडतो. अ‍ॅपमधलं कॅबिनेट एकदा बंद करून बघा. डिस्टॉर्शनचा आवाज पत्र्यावर करवत चालवल्यासारखा होतो.

अ‍ॅपमध्ये हे खोकं एका छोट्या फाइलच्या रूपात असतं. खऱ्या स्पीकरसमोर माइक ठेवून त्याचा प्रतिसाद मोजलेला असतो आणि तुमचा स्वर त्या प्रतिसादातून गाळला जातो. दुकानातले लोक तिला ‘आयआर’ म्हणतात. ती डोळ्याची पापणी लवायच्या आतली असते : २०४८ नमुन्यांची फाइल, सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर, अवघ्या ४३ मिलिसेकंदांची. स्पीकर आणि माइक बदलला तर आवाजात पडणारा फरक, अ‍ॅम्प बदलल्याच्या फरकापेक्षा बऱ्याचदा मोठा असतो. तेव्हा टोन आवडत नसेल तर नवा अ‍ॅम्प विकत घेण्याआधी फुकटातलं दुसरं कॅबिनेट लावून बघावं.

४. हिशेबाने केलेला अ‍ॅम्प

अ‍ॅम्पशिवाय अ‍ॅम्पचा आवाज काढायचा खटाटोप फोनच्या कितीतरी आधीचा आहे. बॉस्टन या बँडचा गिटारवादक टॉम शोल्झ एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याने १९८२ मध्ये ‘रॉकमन’ नावाचा, वॉकमनएवढा, हेडफोनवर वाजणारा डबा बाजारात आणला. त्यात संगणक नव्हता, साधी सर्किटं होती. १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीचा लालबुंद ‘पॉड’ आला आणि अ‍ॅम्पची नक्कल गणिताने करायची पद्धत सामान्य वादकाच्या टेबलावर पोचली. २०१० मध्ये इटलीच्या आयके मल्टिमीडियाने ‘आयरिग’ हे जोडकाम आणि ‘अ‍ॅम्प्लिट्यूब’ हे अ‍ॅप आयफोनसाठी आणलं. फोनमधला अ‍ॅम्प तिथून रुळला.

ही नक्कल करायच्या दोन वाटा आहेत. पहिलीत अ‍ॅम्पच्या सर्किटमधला एकेक भाग समीकरणाने मांडतात. गेनचं बटण फिरवलं की हिशेब बदलतो, आणि खऱ्या अ‍ॅम्पवर होतो तसाच आवाजही बदलतो. दुसऱ्या वाटेला आत काय आहे याच्याशी कर्तव्य नाही. ठरावीक आवाज खऱ्या अ‍ॅम्पमधून सोडायचा, पलीकडून काय निघालं ते रेकॉर्ड करायचं आणि संगणकाला दोन्हींची तुलना करत शिकवायचं. याला कॅप्चर म्हणतात. २०११ च्या सुमारास केम्पर या जर्मन यंत्राने कॅप्चरची कल्पना गाजवली. ‘टोनएक्स’ हे अ‍ॅप आणि ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हे मुक्त सॉफ्टवेअर आता तेच काम न्यूरल नेटवर्कने करतात.

कॅप्चर कानाला फार खरं वाटतं. पण ते त्या क्षणी बटणं जिथे होती तिथलंच असतं. पुढे तुम्ही गेन-बास फिरवलात, तर बदलतो तो मूळ अ‍ॅम्प नव्हे, अ‍ॅपची वरून लावलेली बटणं. ज्याला अजून मिड आणि ट्रेबलमधला फरकच उमगायचा आहे, अशा शिकणाऱ्याने पहिल्या वाटेचं अ‍ॅप घ्यावं. बटणं फिरवून कान तयार होतो.

५. सगळ्यात महत्त्वाचं : उशीर

गिटार वाजवल्यावर फोन तो आवाज सलग घेत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने टिपतो, त्यांचा गठ्ठा करतो, गठ्ठ्यावर हिशेब करतो आणि मग तो हेडफोनकडे धाडतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात.

सातारा-सांगलीकडची वडाप जीप आठवा. सीटा भरल्याशिवाय ती स्टँडवरून हलत नाही. बफर तसाच आहे. पहिला प्रवासी, म्हणजे तुमच्या स्वराचा पहिला नमुना, आत येऊन बसला तरी जीप भरेपर्यंत त्याला थांबावंच लागतं. २५६ सीटांची जीप असेल तर थांबायचा वेळ २५६ भागिले ४८,०००, म्हणजे ५.३ मिलिसेकंद. एक गठ्ठा आत येताना आणि एक बाहेर जाताना धरला तर १०.७. त्यात आवाजाचे आकडे करायला आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करायला लागणारे दोन-चार मिलिसेकंद मिळवा. १०२४ सीटांची जीप असेल तर नुसत्या दोन गठ्ठ्यांचेच जवळपास ४३ होतात.

मग ६४ सीटांची छोटी जीप का नको? तिचा थांबा फक्त १.३ मिलिसेकंदांचा. पण आता ड्रायव्हरला, म्हणजे प्रोसेसरला, सेकंदाला ७५० फेऱ्या माराव्या लागतात. एखादी फेरी चुकली की तेवढे प्रवासी राहतात आणि हेडफोनमध्ये ‘चट्’ असा आवाज येतो. त्यामुळे नियम सोपा आहे : अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बफर कमी करत जायचं, चट्चट् सुरू झाली की एक पायरी वर यायचं.

किती उशीर चालतो? हवेतून आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांत सुमारे साडेतीन मीटर. स्टेजवर अ‍ॅम्पपासून तेवढ्या अंतरावर उभं राहून वाजवणारे काही तक्रार करत नाहीत. दहाच्या आत बहुतेकांना काही जाणवत नाही. वीसच्या पुढे हात जड झाल्यासारखा वाटतो. गंमत म्हणजे शिकणाऱ्याला उशीर ‘ऐकू’ येत नाही, त्याला आपलीच लय बिघडल्यासारखं वाटतं. १२० च्या लयीत एका ठोक्याला चार स्वर वाजवले तर दोन स्वरांत १२५ मिलिसेकंद असतात. ४० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे त्यातला जवळपास एक तृतीयांश. अशा अ‍ॅपवर महिनाभर रियाज केला तर हात मेट्रोनोमच्या आधी धावायला शिकतो, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो.

आता सरळच सांगायचं तर : ब्लूटूथ हेडफोनवर गिटारचा रियाज होत नाही. साध्या ब्लूटूथवर शंभर ते दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त उशीर लागतो. सिनेमा बघताना तो कळत नाही, कारण फोन चित्रालाही तेवढंच थांबवतो. तुमच्या बोटांना तो थांबवू शकत नाही. वायरचाच हेडफोन लागतो. महागडा वायरलेस हेडफोन आधीच घेतला असेल, तर त्याला वायर लावायची सोय आहे का बघा.

फोनच्या बाबतीत अ‍ॅपल बराच काळ पुढे होतं, कारण त्यांच्या आवाजाच्या यंत्रणेत हा उशीर मुळातच कमी. अँड्रॉइडने २०१७ च्या आठव्या आवृत्तीत आवाजासाठी नवा, जलद मार्ग दिला. पण हँडसेट बनवणारे अनेक, त्यामुळे एकाच अ‍ॅपवर एक फोन छान चालतो आणि दुसरा रखडतो. विंडोजच्या लॅपटॉपवर ‘असिओ’ प्रकारचा ड्रायव्हर निवडला नाही, तर चांगलं सॉफ्टवेअरही मंद वाटतं.

उशीर घरी मोजता येतो. अ‍ॅपचा आवाज वायरच्या छोट्या स्पीकरवर काढा, स्पीकर गिटारच्या अगदी शेजारी ठेवा आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो दोघांच्या मधोमध ठेवा. अ‍ॅपमधले रिव्हर्ब-डिले, म्हणजे घुमारा आणि प्रतिध्वनी, बंद. डाव्या हाताने तारा दाबून धरा आणि पिकने एकच कडक फटका मारा. ते रेकॉर्डिंग ‘ऑडॅसिटी’सारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून मोठं करून पाहा. दोन टोकं दिसतील : पहिलं लहान, पिकच्या टकटकीचं. दुसरं मोठं, स्पीकरचं. दोन्हींमधलं अंतर म्हणजे तुमचा उशीर. कुणाच्या अभिप्रायावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

६. गिटार फोनला जोडायची कशी?

बाजारात दोन प्रकारची जोडकामं मिळतात. एक स्वस्त, फोनच्या हेडफोनच्या भोकात जाणारं. ते गिटारचा आवाज हेडसेटच्या माइकच्या वाटेने आत नेतं आणि त्याच पिनेतून हेडफोनकडे परत आणतं. जाणारा आणि येणारा आवाज इतके खेटून असतात की परतीचा थोडा आवाज माइकच्या वाटेत झिरपतो. गेन वाढवलात की शिट्टी वाजायला लागते. क्लीन आवाजावर चालून जातं, डिस्टॉर्शनवर डोकं उठतं. शिवाय हे भोकच आता बऱ्याच फोनमधून गेलंय.

दुसरा प्रकार म्हणजे यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस. आवाजाचे आकडे करायचं काम तो स्वतः करतो, फोनवर सोडत नाही. पैसे घालायचे असतील ते इथे घाला. फोन बदलेल, अ‍ॅप बदलेल, इंटरफेस राहतो, आणि उद्या लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करायचं झालं तरी तोच चालतो. घेताना त्यावर ‘इन्स्ट’ किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण आहे ना, ते बघा. पहिल्या भागातलं दहा लाख ओहमचं तोंड ते हेच. ते न दाबता गिटार ‘लाइन’वर लावली तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो आणि माणूस अ‍ॅपमध्ये ट्रेबल वाढवत बसतो.

फोनला इंटरफेस जोडताना आणखी एक अडचण येते ती विजेची. काही इंटरफेसना जेवढी वीज लागते तेवढी फोन देत नाही. मग वेगळी वीज घेणारा हब मध्ये लावावा लागतो. आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, अ‍ॅपलकडेही यूएसबी-सी आलं. त्याआधीच्या आयफोनना अ‍ॅडॉप्टर लागतो. दुकानात जाताना स्वतःचा फोन आणि गिटार घेऊन जा आणि तिथेच जोडून बघा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

जोडल्यावर आवाज दुहेरी येतोय, एक कोरडा आणि त्यामागोमाग एक डिस्टॉर्शनचा? इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ बंद करा. ते गिटारचा कच्चा आवाज अ‍ॅपला वळसा घालून थेट हेडफोनकडे देत असतं. उशिराच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

घरघरीचंही इथेच बघून घेऊ. लॅपटॉप चार्जिंगला लावून वाजवताना गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. बऱ्याच घरांत ती तिथेच थांबते, कारण चार्जर दोन पिनांचा असतो किंवा भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नसतं. तरीही घरघर उरली असेल तर खुर्ची फिरवून गिटारची दिशा बदला. एका ठरावीक कोनात ती बरीच बसते. अ‍ॅपमधलं ‘नॉइज गेट’ सगळ्यात शेवटी, आणि बेताने. जास्त लावलं तर लांबवलेल्या स्वराची शेपटी कापली जाते.

७. आता अ‍ॅपकडे

एवढं झाल्यावर अ‍ॅप निवडणं फार कठीण राहत नाही. आयफोन, आयपॅड किंवा मॅक असेल तर ‘गॅरेजबँड’ने सुरुवात करा. ते फुकट आहे, त्यात गिटारचे अ‍ॅम्प आहेत, आणि रेकॉर्डिंगही होतं. विंडोजवर ‘अ‍ॅम्प्लिट्यूब’ आणि ‘गिटार रिग’ यांच्या फुकट आवृत्त्या मिळतात. थोडी खटपट करायची तयारी असेल तर ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ आहेच. अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या नावापेक्षा आधी तुमच्या फोनवर उशीर किती येतो ते मोजा. तो वीसच्या खाली आलाच नाही, तर फोनचा नाद सोडा. हेडफोन लावता येणारा, थेट गिटारच्या जॅकमध्ये बसणारा ‘व्हॉक्स अ‍ॅमप्लग’ किंवा ‘फेंडर मस्टँग मायक्रो’सारखा ठोकळा घ्या. त्याला ना बफरचं सेटिंग, ना ड्रायव्हरची भानगड. घरात बसून फक्त वाजवायचंच असेल, तर मला स्वतःला तो मार्ग जास्त पटतो.

फुकट आवृत्तीत दोन-तीनच अ‍ॅम्प मिळतात म्हणून हिरमुसू नका. रियाजाला तीन आवाज पुरे : एक स्वच्छ, एक किंचित फाटणारा, एक जोरकस. अ‍ॅपमध्ये ट्यूनर हवा, मेट्रोनोम हवा, आणि गाणं स्वर न बदलता संथ करून त्याच्याबरोबर वाजवायची सोय असेल तर फारच उत्तम. चाळीस पेडलपेक्षा ही एक सोय जास्त शिकवते. अ‍ॅप उघडल्यापासून पहिला स्वर वाजेपर्यंत किती वेळ जातो, हेही बघा. रोज रात्री अर्धाच तास हाताशी असतो.

दोन चाचण्या मात्र कोणत्याही अ‍ॅपवर कराव्यात. स्वच्छ आणि जोरकस यांच्या मधला आवाज लावा आणि एकच तार आधी हळू, मग जोरात छेडा. हळू छेडल्यावर आवाज साफ आणि जोरात छेडल्यावर फाटायला हवा. दोन्ही वेळा सारखाच आला, तर त्या अ‍ॅपवर उजव्या हाताचं शिक्षण होणार नाही. दुसरी चाचणी : गेन पूर्ण वाढवून पहिल्या तारेवर अगदी वरच्या फ्रेटचा स्वर वाजवा आणि तार ओढून सूर चढवा. सूर चढत असताना मागे बारीक शिट्टी उतरताना ऐकू आली, तर अ‍ॅपने हिशेबात काटकसर केली आहे. ४८,००० नमुन्यांत २४,००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज मावतो. छाटणीतून ३०,००० हर्ट्झचा सूर निर्माण झाला, तर तो उलटा दुमडून १८,००० वर येतो. तुम्ही तार ओढून तो ३१,००० केलात की दुमडलेला १७,००० वर उतरतो. चांगली अ‍ॅपं हा कचरा आधीच गाळून टाकतात.

८. वाजवायला बसल्यावर

इंटरफेसवरचं गेन असं ठेवा की सगळ्या तारांवर जीव खाऊन फटका मारला तरी लाल दिवा लागणार नाही. इथे झालेली छाटणी कर्कश असते आणि पुढे कोणत्याही अ‍ॅम्पने ती दुरुस्त होत नाही.

रिव्हर्ब आणि डिले सुरुवातीला बंदच ठेवा. ते चुकांवर पांघरूण घालतात. अर्धा रियाज स्वच्छ आवाजावर करा, कारण डिस्टॉर्शनमध्ये हळू आणि जोरात छेडलेले स्वर जवळजवळ सारखेच वाजतात आणि पिकिंगमधली उन्नीस-बीस झाकली जाते. उरलेला अर्धा जोरकस आवाजावर करा, कारण न छेडलेल्या तारा दाबून धरायची शिस्त तिथेच लागते. स्वच्छ आवाजावर त्यांची भुणभुण ऐकूच येत नाही.

कानांचीही काळजी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला हेडफोनवर ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाचच. रंगात आल्यावर गिटारवाल्याचा हात आवाजाच्या बटणाकडे जातोच. म्हणून सुरुवातीला लावलेल्या पातळीच्या वर जायचं नाही, असं ठरवूनच बसावं.

शेवटचं म्हणजे, रियाजाला बसताना फोन विमान मोडवर टाका. कॉल येऊन आवाज तुटत नाही, पिकअपमध्ये नेटवर्कची टरटर शिरत नाही, आणि पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालतं की नाही, तेही कळतं. मोफत चाचणीच्या काळातच हे करून बघा. विमान मोडवर जे अ‍ॅप उघडत नाही, त्याचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ नका.